न हलणाऱ्या जमिनीवरचे ज्वालामुखी

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शुक्रावरच्या मात मॉन्स या ज्वालामुखीचे एक चित्र जगभरच्या नियतकालिकांत झळकले. काळ्याभोर आकाशाखाली उभा ठाकलेला भडक नारिंगी सुळका आणि त्याच्या अंगावरून लांबवर पसरत गेलेले लाव्हाचे पट्टे. हे छायाचित्र नव्हते. मॅगेलन यानाच्या रडारने केलेल्या मोजमापांवरून ते संगणकावर तयार केले होते. रंग सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा १३ आणि १४ या यानांनी १९८२मध्ये शुक्राच्या जमिनीवरून पाठवलेल्या चित्रांवरून घेतला होता. उंची मात्र २२.५ पटींनी ताणलेली होती. तशी नोंद चित्रासोबत होती, पण चित्र या मासिकातून त्या मासिकात जाताना नोंद मागे राहिली आणि शुक्र म्हणजे सुळक्यांचा ग्रह असा समज पसरला. डेव्हिड मॉरिसन या ग्रहशास्त्रज्ञाने शेवटी 'सपाट शुक्र मंडळ' काढण्याचा थट्टेखोर प्रस्ताव मांडला.

थट्टा रास्त होती. मात मॉन्स शुक्राच्या सरासरी पातळीपासून सुमारे ८ किलोमीटर उंच आहे आणि भोवतालच्या मैदानापासून सुमारे ५. त्याचा व्यास मात्र ४०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे काठापासून माथ्यापर्यंत सरासरी चढ चाळीसाला एक. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी बोरघाटात सदतिसाला एक असा चढ चढते. शुक्रावरचा हा 'सुळका' सरासरीने पाहिला, तर खंडाळ्याच्या रेल्वेमार्गापेक्षाही थोडा सौम्य आहे. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स त्या मानाने उभा. त्याचा उतार पाच अंशांच्या आसपास, दर बारा मीटरला जेमतेम एक मीटर. आणि मंगळावरचाच आल्बा मॉन्स इतका पसरट आहे की त्याचा उतार अनेक ठिकाणी एक अंशही भरत नाही.

ढालाकृती ज्वालामुखी असेच असतात. बेसाल्टी लाव्हा पातळ असतो, तोंडातून बाहेर पडला की दूरवर वाहत जातो आणि काही मीटर जाडीचा थर मागे ठेवून थिजतो. त्यावर पुढचा थर, त्यावर आणखी एक, असे हजारो थर. व्हेसुव्हियससारखे डोंगर उभे असतात, कारण त्यांचा लाव्हा चिकट असतो आणि त्यात राखेचे ढीग मिसळतात. ढालाकृती डोंगर जमिनीवर उताण्या ठेवलेल्या ढालीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. त्याची उंची एका स्फोटातून येत नाही, पुनरावृत्तीतून येते.

असा अवाढव्य डोंगर पाहिला की या ग्रहाच्या पोटात केवढी आग असेल, हा पहिला विचार मनात येतो. गेल्या पन्नास वर्षांत जमलेला पुरावा एकत्र ठेवून पाहिला, तर मला तो विचार बराचसा चुकीचा वाटतो. आग किती होती हे या डोंगरांवरून फारसे कळत नाही. जमीन किती काळ जागची हलली नाही, तिने किती वजन पेलले आणि शिलारसाला वर येण्यासाठी एकच वाट किती काळ पुरली, हे कळते. सूर्यमालेतल्या सगळ्यांत मोठ्या ज्वालामुखीचा धनी सूर्यमालेतला सगळ्यांत धगधगता गोल नाही, ही गोष्ट या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

मंगळापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण या प्रश्नाची सुरुवातच तिथे झाली. जिओव्हानी स्कियापारेल्लीने १८७९मध्ये दुर्बिणीतून मंगळावर एक पांढुरका ठिपका पाहिला आणि त्याला 'निक्स ऑलिंपिका', म्हणजे ऑलिंपसचे हिम, असे नाव दिले. तो ठिपका प्रत्यक्षात डोंगरावर जमणाऱ्या ढगांचा होता, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. मरिनर ४ (१९६५) आणि मरिनर ६ व ७ (१९६९) या यानांनी मंगळाच्या जवळून जाता जाता जी चित्रे घेतली, त्यांत विवरेच विवरे होती. मंगळ म्हणजे थोडा मोठा चंद्र, मेलेला गोल, असे मत त्या काळात पक्के होऊ लागले होते.

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ मंगळाभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे ते पहिले यान. खाली सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. काही दिवसांनी पोहोचलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ या यानांना थांबायची सोय नव्हती. त्यांची उतरणारी याने ठरल्याप्रमाणे वादळात सोडली गेली. एक आदळले आणि दुसरे उतरल्यावर काही क्षणांतच मूक झाले. मरिनर ९ मात्र फिरत राहिले. धुळीच्या पडद्यातून चार काळपट ठिपके तेवढे दिसत होते: एक निक्स ऑलिंपिकाच्या जागी आणि तीन एका तिरक्या रेषेत. शास्त्रज्ञांनी त्या तिघांना तात्पुरते उत्तर ठिपका, मधला ठिपका आणि दक्षिण ठिपका असे म्हणायला सुरुवात केली. धूळ बसू लागली तसे लक्षात आले की हे ठिपके धुळीच्या वर डोकावणारे डोंगरमाथे आहेत आणि प्रत्येक माथ्यावर खचून तयार झालेले प्रचंड कुंड, म्हणजे कॅल्डेरा आहे. निक्स ऑलिंपिकाचा ऑलिंपस मॉन्स झाला. बाकी तिघे आस्क्रियस, पॅव्होनिस आणि आर्सिया.

ऑलिंपस मॉन्सचा व्यास सुमारे ६०० किलोमीटर. त्याने व्यापलेली जागा तीन लाख चौरस किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे जवळपास अख्ख्या महाराष्ट्राएवढी. माथ्यावरचे कॅल्डेऱ्यांचे संकुल साधारण ६० किलोमीटर रुंद, ८० किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर खोल. एकमेकांत घुसलेली सहा कुंडे त्यात स्पष्ट ओळखू येतात. उंचीचा आकडा मात्र सरकत राहिला आहे. व्हायकिंग यानांच्या काळात पंचवीस-सत्तावीस किलोमीटर असे छापले जाई. मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या लेसर उंचीमापकाने काटेकोर मोजणी केल्यावर तो २२ किलोमीटरच्या थोडा खाली आला. शिवाय मंगळावर समुद्र नाही. तिथे उंची एका कल्पित सरासरी पातळीपासून मोजतात आणि ती पातळी बदलली की डोंगरही बदलतो. वेस्टा या लघुग्रहावरच्या ऱ्हियासिल्व्हिया विवरातले मधले शिखरही जवळपास तेवढेच उंच आहे आणि ते ज्वालामुखी नाही, आघातातून उसळलेले आहे. 'सूर्यमालेतला सर्वांत उंच पर्वत' या किताबासाठीचा वाद म्हणूनच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सर्वांत भारी ज्वालामुखी कोणता, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे आणि त्याला उत्तर आहे. हवाई बेटावरचा मौना लोआ ७५ हजार घनकिलोमीटरच्या आसपास धरला जातो. ऑलिंपस मॉन्सचे आकारमान वीस लाख घनकिलोमीटरच्या पुढे जाते.

एवढा डोंगर दिसतो मात्र अवकाशातूनच. मंगळाचा गोल लहान असल्यामुळे सपाट जागी उभ्या माणसाचे क्षितिज साडेतीन किलोमीटरच्याही आत संपते. ऑलिंपसच्या उतारावर मध्येच कुणाला सोडले, तर आपण डोंगरावर आहोत हे त्याला पायांच्या दमावरून कळेल, डोळ्यांनी नाही.

आता हा एवढा मोठा का झाला? शाळेतल्या पुस्तकांत बहुधा गुरुत्वाकर्षणाचे उत्तर मिळते: मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, म्हणून डोंगर उंच वाढले. यात तथ्य आहे. कमी गुरुत्वात शिलारसाचे साठे मोठे होतात, भेगा रुंद राहतात, लाव्हा लांब वाहतो. पण एवढ्यावर भागत नाही. चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश. मग तिथे ऑलिंपसहून मोठे डोंगर हवे होते. चंद्रावर तर असा एकही डोंगर नाही. तिथला लाव्हा जाड आणि हलक्या कवचातून भेगांवाटे भसाभस वर आला आणि खोलगट जागी पसरून काळे सपाट 'समुद्र' तयार झाले.

खरे उत्तर हवाईत सापडते. कॅनडाचा भूवैज्ञानिक ट्यूझो विल्सन याने १९६३मध्ये सुचवले की हवाईची बेटे एकाच तप्तस्थळावर तयार झाली आहेत आणि त्या तप्तस्थळावरून पॅसिफिकचा तळ सरकत गेला आहे. हा भूपट्ट वर्षाला साधारण सात ते दहा सेंटिमीटर वायव्येकडे सरकतो. ज्वालामुखी दहा-पंधरा लाख वर्षांत आपल्या शिलारसाच्या झऱ्यावरून बाजूला ओढला जातो, विझतो आणि मागे नवा जन्मतो. या माळेची लांबी सहा हजार किलोमीटर आहे आणि तिच्या जुन्या टोकाचे वय सुमारे आठ कोटी वर्षे. या सगळ्या माळेचा लाव्हा एकाच ठिकाणी ओतला गेला असता तर काय झाले असते? मंगळाने ते करून दाखवले आहे. तिथे सरकणारे भूपट्ट नाहीत. झरा आणि डोंगर एकमेकांवर अब्जावधी वर्षे राहिले.

पण जागचे न हलणे ही अर्धीच अट. मौना लोआ समुद्रतळापासून सुमारे नऊ किलोमीटर उंच आहे, पण त्याच्या वजनाने खालचा समुद्रतळ आणखी आठेक किलोमीटर खचला आहे. जेवढा डोंगर वर दिसतो, जवळपास तेवढाच जमिनीत बुडालेला आहे. मंगळ लवकर निवला, त्याचे शिलावरण, म्हणजे बाहेरचा घट्ट खडकाचा थर, जाड आणि ताठ झाले. म्हणून ते ऑलिंपससारखे ओझे पेलू शकले. थार्सिस हा सगळा उंचवटा, ज्यावर आर्सिया, पॅव्होनिस आणि आस्क्रियस बसले आहेत, सुमारे पाच हजार किलोमीटर पसरलेला आहे. त्याचे वजन इतके की त्यापायी मंगळाचे बाहेरचे कवचच ध्रुवांच्या तुलनेत वीस-पंचवीस अंश कलंडले, असे २०१६मध्ये फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासाने मांडले. कलंडले, पण तुटले नाही.

शुक्रावर पहिली अट पूर्ण होते, दुसरी होत नाही. पृथ्वीसारखे सरकते भूपट्ट तिथेही नाहीत. मॅगेलनने १९९० ते १९९४ या काळात ढगांआडून रडारने केलेल्या नकाशात शंभर किलोमीटरहून रुंद असे दीडशेच्या वर ज्वालामुखी सापडले. २०२३मध्ये त्याच नकाशावरून केलेल्या नव्या मोजदादीत लहानमोठे सगळे मिळून आकडा ८५ हजारांवर गेला. सापास, सिफ, गुला, थीया, ऱ्हिया, मात: नावे जगभरच्या देवींची, आणि बांधा सगळ्यांचा एकच, रुंद आणि बुटका. शुक्राचे गुरुत्व पृथ्वीच्या नव्वद टक्के आहे, पण मोठे कारण उष्णतेचे असावे. पृष्ठभागच ४६५ अंश सेल्सिअसवर तापलेला, त्यामुळे खालचे खडक लवकर मऊ पडतात. ओझे वाढले की जमीन खचते, पसरते. त्यात वातावरणाचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट असल्याने लाव्हातले वायू सहज फुटून बाहेर पडत नाहीत, राखेचे उभे शंकू कमी बनतात. (शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याची प्रथा आहे. थीया मॉन्सच्या दक्षिणेला बऱ्याच अंतरावर ३४ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याचे नाव जोशी, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींवरून. पंडिता रमाबाईंच्या स्मरणार्थ मेधावी नावाचे विवरही शुक्रावर आहे.)

आणि आयो. गुरूचा हा चंद्र आपल्या चंद्राएवढाच, पण सूर्यमालेत त्याच्याइतका लाव्हा ओकणारा दुसरा गोल नाही. गुरू आणि शेजारचे चंद्र त्याला सतत ताणतात, त्या घर्षणातून तो वितळतो, हे गणित स्टँटन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केले. सहा दिवसांनी, ८ मार्चला व्हॉयेजर १ने घेतलेल्या एका चित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवरून उसळलेला फवारा दिसला. भाकीत आणि पुरावा इतक्या लगोलग जुळल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत. आयोवर आज सुमारे चारशे सक्रिय ज्वालामुखी मोजले जातात. मग तिथे ऑलिंपस मॉन्सच्या तोडीचा डोंगर कुठे आहे? कुठेच नाही. आयोवर उंच डोंगर जरूर आहेत, बोओसाउले तर सतरा किलोमीटरपर्यंत जातो, पण ते ज्वालामुखी नव्हेत. वरून सतत साचणाऱ्या लाव्हाच्या दाबाने खालचे कवच मोडून वर सरकलेले ठोकळे आहेत. तिथले ज्वालामुखी बहुतेक सपाट कुंडे आहेत, लोकी पटेरासारखी, जिचा व्यास दोनशे किलोमीटर आहे. लाव्हा अतिशय तप्त आणि पातळ, आणि उष्णता एका वाटेने बाहेर पडत नाही, चारशे तोंडांनी पडते. कवच ताठ आहे, आग अमाप आहे, पण एकाच जागी थरावर थर रचला जात नाही. आगीच्या भरवशावर डोंगर उभा राहत असता, तर आयोने मंगळाला केव्हाच मागे टाकले असते.

पृथ्वीवरही या विषयात एक धडा नुकताच मिळाला आहे. जपानच्या पूर्वेला सुमारे १६०० किलोमीटरवर, पॅसिफिकच्या तळाशी तामू मासिफ नावाचा एक उंचवटा आहे. २०१३मध्ये विल्यम सेगर आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले की हा सगळा मिळून एकच ढालाकृती ज्वालामुखी आहे, क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, ऑलिंपसच्या जोडीचा. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. २०१९मध्ये त्याच सेगर यांच्या गटाने खडकांतल्या चुंबकत्वाचा बारकाईने नकाशा केला, तेव्हा तिथे समांतर पट्टे दिसले. असे पट्टे समुद्रतळ दुभंगून दोन्ही बाजूंना सरकत असताना तयार होतात. मधल्या एका तोंडातून चहूकडे लाव्हा वाहिला असता, तर ते आलेच नसते. म्हणजे तामू मासिफ हा डोंगर नव्हे, सरकत्या जमिनीवर जाडसर झालेला समुद्रतळ आहे. २०२०मध्ये हवाईच्या माळेतल्या पूहाहोनूला पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या ढालाकृती ज्वालामुखीचा मान मिळाला. तो मौना लोआच्या साधारण दुप्पट भरतो. ऑलिंपसशी तुलना करण्याची उमेद त्यातही नाही.

दख्खनचे उदाहरण याहून बोलके. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जो लाव्हा वाहिला, तो आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सामग्री मंगळाच्या डोंगरांना साजेशी, पण डोंगर झाला नाही. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, कोकण किनाऱ्याजवळ आणि नाशिक-पुण्याच्या परिसरात ज्या भेगांतून तो वर आला, त्यांत थिजलेल्या खडकाच्या भिंती आजही उभ्या आहेत. इगतपुरी-नाशिककडे एखादे मोठे केंद्र, ढालीसारखा पसरट उंचवटा असावा, असे काही भूवैज्ञानिकांनी १९८०च्या दशकात सुचवले होते. त्यावर एकमत झालेले नाही. मात्र या सगळ्यानंतर भारत थांबला नाही. तो तेव्हा वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे निघाला होता. ज्या तप्तस्थळाने दख्खन घडवले असे मानले जाते, ते मागेच राहिले आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रेघ ओढत आज रेयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा ढालाकृती ज्वालामुखी अजूनही उद्रेक करतो. सह्याद्रीच्या कातळाचे हे दूरचे भावंड, निदान बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते.

आता काळाचा प्रश्न. इथे अडचण अशी की थार्सिसच्या खडकाचा एकही तुकडा कुणी हाताने उचललेला नाही. वय ठरते विवरे मोजून: जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर उल्कांचे घाव जास्त. घाव किती वर्षांत किती पडतात, याचे प्रमाण अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या खडकांवरून बसवले आणि मंगळासाठी त्यात फेरफार केला. त्यामुळे आकडा दुपटीने इकडेतिकडे होऊ शकतो, हे धरून चालावे. गेरहार्ड नॉयकुम आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये मार्स एक्स्प्रेस यानाच्या चित्रांवरून मोजले, तेव्हा ऑलिंपसची कुंडे १० ते २० कोटी वर्षांची निघाली. डोंगराच्या पश्चिम कड्यावरचे काही लाव्हाप्रवाह तर अवघे २४ लाख वर्षांचे. आर्सियाच्या कॅल्डेऱ्यातल्या २९ तोंडांचा २०१७मधला अभ्यास तिथला शेवटचा उद्रेक सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा सांगतो. या डोंगरांचा गाभा मात्र तीन अब्ज वर्षांहून जुना असावा.

या विवरमोजणीला एकच बाहेरची साक्ष आहे, ती उल्कांची. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीत आकाशातून सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. इंग्रजी कागदपत्रांत त्या गावाचे नाव शेरगॉटी झाले आणि त्या जातीच्या सगळ्या दगडांना पुढे शेरगॉटाइट म्हणू लागले. ते मंगळाचेच असल्याची खात्री पटली ती १९८०च्या दशकात. अंटार्क्टिकात सापडलेल्या त्याच जातीच्या एका दगडात अडकलेला वायू व्हायकिंगने मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. बहुतेक शेरगॉटाइट भूशास्त्राच्या हिशेबात तरुण आहेत, १७ ते ६० कोटी वर्षांच्या दरम्यानचे. २०१७मध्ये थॉमस लॅपेन आणि सहकाऱ्यांनी यांच्याच सोबत, एकाच आघातात मंगळावरून उडालेला एक दगड २.४ अब्ज वर्षांचा असल्याचे दाखवले. याचा अर्थ मंगळावर एकाच जागी किंवा एकमेकांशेजारी जवळजवळ दोन अब्ज वर्षे लाव्हा येत राहिला. पृथ्वीवर असा ज्वालामुखी असूच शकत नाही.

त्याच वर्षी नखलाइट या दुसऱ्या जातीच्या दगडांवरून आणखी एक आकडा आला. त्यांचा ज्वालामुखी, मग तो मंगळावरचा कोणताही असो, १.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात दहा लाख वर्षांत अवघा ०.४ ते ०.७ मीटर वाढत होता. या वेगाने बावीस किलोमीटरचा डोंगर व्हायला विश्वाच्या वयाहूनही जास्त काळ लागेल. तेव्हा उघड आहे की मंगळाच्या डोंगरांचा बहुतेक भाग आधीच, कितीतरी वेगाने उभा राहिला आणि नंतर अधूनमधून, थेंबे थेंबे भर पडत गेली. विझण्याची ही क्रिया कुठल्या एका तारखेला संपली असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

ते पूर्ण विझले आहेत का? थार्सिसबद्दल ठाम काही म्हणता येत नाही, पण दुसऱ्या बाजूच्या एलिझियममधून खुणा आल्या आहेत. तिथल्या सर्बेरस फॉसी या भेगांजवळचा एक काळा पट्टा २०२१मधल्या अभ्यासानुसार अवघ्या ५० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटक उद्रेकाचा असू शकतो. इनसाइट यानाने २०१८ ते २०२२ या काळात तेराशेहून अधिक मंगळकंप नोंदले. ज्यांची जागा नेमकी ठरवता आली, त्यांतले बरेच याच भेगांच्या पट्ट्यातले निघाले. २०२२मध्ये एका अभ्यासाने एलिझियम मैदानाखाली चार हजार किलोमीटर रुंदीचा प्रावरणातला उष्ण झरा असल्याचे मांडले. वाद चालू आहे.

शुक्राबाबत मात्र वाद जवळजवळ मिटला. मॅगेलनने काही जागांची चित्रे एकाहून अधिक वेळा घेतली होती, पण तेव्हाच्या साधनांनी ती एकमेकांशी ताडून पाहणे जिकिरीचे होते. रॉबर्ट हेरिक यांनी तीस वर्षांनी ते केले. मात मॉन्सचा भाग असलेल्या एका तोंडाचे क्षेत्रफळ फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९१ या आठ महिन्यांत २.२ चौरस किलोमीटरवरून ४ वर गेले होते आणि त्याचा आकारही बदलला होता. २०२४मध्ये इटालियन संशोधकांनी सिफ मॉन्सच्या उतारावर त्याच काळातले नवे लाव्हाप्रवाह दाखवले. पुरावा तीस वर्षे संग्रहात पडून होता.

मंगळाच्या डोंगरांभोवतीची बाकीची कोडी थोडक्यात. ऑलिंपसच्या काठावर काही ठिकाणी सहा-सात किलोमीटरचे कडे आहेत आणि त्यांच्या पलीकडे शेकडो किलोमीटर पसरलेला कोसळलेल्या दरडींचा पसारा. पायाखाली ओली चिकणमाती असल्याने डोंगर एका बाजूला घसरत पसरला, हे एक स्पष्टीकरण. डोंगर कधीकाळी समुद्रातले बेट होते आणि लाव्हा पाण्याला भिडताना कडा बनला, हे २०२३मधले दुसरे. मला पहिले अधिक पटते, कारण डोंगर वायव्येला जास्त लांबलेला का, हेही त्यातून सुटते. आर्सिया, पॅव्होनिस आणि आस्क्रियसच्या पश्चिम उतारांवर हिमनद्यांनी सोडलेला गाळ आहे. २०२४मध्ये युरोपच्या यानाने ऑलिंपससह काही माथ्यांवर पहाटेचे पाण्याचे दव गोठलेले टिपले. केसाएवढा पातळ थर, पण पाणी दीड लाख टन. २०१८मध्ये आर्सियावरून निघालेल्या अठराशे किलोमीटरपर्यंत लांब जाणाऱ्या ढगाला अनेकांनी उद्रेकाचा धूर मानले. तो फक्त डोंगराने अडवलेल्या वाऱ्यातला बर्फ होता. थार्सिसचे हे डोंगर आपल्या मंगळयानाच्या कॅमेऱ्यानेही लांबट कक्षेतून टिपले आहेत.

पुढच्या दशकात बरेच काही शुक्रावर ठरेल. नासाचे व्हेरिटास आणि युरोपचे एनव्हिजन रडारने नवे नकाशे करतील. १९९१च्या नकाशांवर ते ठेवले की कोणता ज्वालामुखी किती लाव्हा ओततो, हे पहिल्यांदा मोजता येईल. भारताच्या शुक्र मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली; तिच्यातही रडार आहे आणि प्रक्षेपणाचे लक्ष्य मार्च २०२८ आहे. मंगळाची गोष्ट अवघड आहे. आजवरची सगळी याने सखल भागात उतरली, कारण वेग कमी करायला हवेचा जाड थर लागतो आणि थार्सिसच्या उंचीवर तो नाही. तिथे उतरायचे तर पॅराशूटवर फारशी भिस्त न ठेवता इंजिनांच्या जोरावर खाली येणारे यान बनवावे लागेल, आणि तेवढे इंधन पृथ्वीवरून न्यावे लागेल. तोपर्यंत ऑलिंपसचे वय विवरे मोजून आणि आपोआप येऊन पडलेल्या दगडांवरूनच ठरवावे लागणार आहे.